चावीवाला

डिसेंबरची रात्र. भुसावळच्या क्वार्टरमागे
पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी फुटत होती.
नवापूरहून आलेले मनश्शे आतोबा
काडीने राख उकरत बाबांना म्हणाले,
"लाजरस, तुना पेत्र गोटा शे, खडक नही."
आतोबा रंगात आले की अहिराणीत शिरत.
"ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. एक गोट्याला, एक खडकाला.
आमच्या पाळकांनी फळ्यावर लिहून दाखवले."

बाबांना ग्रीक येत नव्हते.
त्यांना नव्वद पौंडी रूळ येत होता,
आणि दुसखेड्याच्या फाटकापर्यंतचे सहा किलोमीटर:
जाताना डावा रूळ, येताना उजवा,
खांद्यावर हातोडा, काखेत दोन झेंड्या.

"प्रभू ग्रीकमध्ये कुठे बोलला?" ते म्हणाले.
"त्याच्या बोलीत शब्द एकच. केफा.
गोट्यालाही तोच, खडकालाही तोच."
एवढे फादरांनी पाठ करून घेतले होते.
मग ते बोटे भाजत वांगे सोलू लागले.

"आणि अंत्युखियात? पौलाने तोंडावर सुनावले त्याला!"
"आमच्या गँगमध्ये ये एकदा.
मुकादमाला पोरं काय काय सुनावतात ते ऐक.
संध्याकाळी मुकादम तरी मुकादमच असतो."

"दोन अध्याय पुढे जा. बांधायचे, सोडायचे
सगळ्यांनाच दिले आहे."
"बांधणे सगळ्यांना. किल्ल्या एकालाच.
यशया काढ. शेबनाचा कारभार गेला,
दाविदाच्या घराची किल्ली एल्याकीमाच्या खांद्यावर आली.
माणूस बदलला, मनश्शे. किल्ली तीच."

आत्या म्हणाली, "मिरच्या जळताहेत."

पहाटे मी बाबांबरोबर निघाले. अकरा वर्षांची.
केळीच्या बागांवर धुके, खडीवर दव.
रेल्वेतल्या चावीने काही उघडत नाही, हे मला तेव्हा कळले.
लोखंडाची पाचर ती. रुळाला धरून ठेवते.
गाड्यांच्या हादऱ्याने रोज थोडी सैल होते,
आणि रोज एकाने चालत जाऊन ती ठोकायची.
घट्ट असेल तर टण्ण.
सैल असेल तर आवाजाला पोट नसते.

तापीच्या पुलाअलीकडे ते थांबले.
"तू झाली नव्हतीस. इथे मालगाडीची चाके उतरली.
कोणी मेले नाही.
मी आदल्या दिवशी फाटकाच्या खोलीत झोपलो होतो, पिऊन.
चौकशीत तीनदा विचारले, रूळ चाललास का?
तीनदा म्हणालो, चाललो, साहेब."

मी विचारले, "कोंबडा आरवला?"
बाबा हसले. "दुपार होती गं."

सात महिने घरी बसवले होते.
मग इन्स्पेक्टरने बोलावून हातोडा पुढे केला.
म्हणाला, या रुळाला आता तुझ्याएवढे
कोणी भीत नाही. जा.
तेव्हापासून रविवारच्या मिस्सेत
माझ्या मेंढरांना चार हे शब्द आले
की बाबा खाली बघत.
मी समजे, डोळ्यांत धूळ गेली असेल.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हातोडा, पाना, दोन्ही झेंड्या
समस्तीपूरच्या एका पोराला दिल्या.
रजिस्टरात दोघांच्या सह्या. बीट नंबर चार.
पोराचा अंगठा पहिल्याच आठवड्यात ठेचला.
बाबा त्याच्याबरोबर दहा दिवस फुकट चालले,
सांगत काही नव्हते, नुसते ऐकत होते.

बाबांना पुरून आलो त्या संध्याकाळी
आतोबांनी खिडकीतला खडीचा तुकडा उचलला,
ज्याने बाबा लाइटची बिले दाबून ठेवत.
काळा, कोपऱ्यांचा.
"गोटा शे," ते हळूच म्हणाले.
मी म्हटले, "हो."
त्यांनी तो परत बिलांवरच ठेवला.

रोम मी पाहिले नाही.
तिथल्या खुर्चीवर कोण केव्हा झोपले, कोण खोटे बोलले,
वाचले आहे, आणि वाचून उठून बसलेही आहे रात्री.
फळ्यावरचे दोन शब्द मला अजून पुसता येत नाहीत.

साडेपाचला रुळावरून कोणीतरी जाते.
टण्ण. टण्ण. टण्ण.
मग एक बसका आवाज,
आणि तो थांबतो.